कनवाळू डॉक्टर नको, हिशेबी डॉक्टर हवा

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात गोठवली, आफ्रिकेतल्या कित्येक एचआयव्ही दवाखान्यांना कुलपं लागली आणि आपल्याकडे एक जुनाच वाद नव्याने पेटला. एमडी झालेला एखादा तरुण मलावीला नाहीतर मोझांबिकला एचआयव्हीचं काम करायला निघाला, की त्याच्याभोवती दोन तट पडतात. एका तटाच्या लेखी तो देवमाणूस: पैसा सोडला, घरदार सोडलं, कुठे जाऊन बसला बघा. दुसऱ्या तटाला त्यात ढोंग दिसतं: इथे काय पेशंट कमी पडले होते? दोन वर्षं तिकडे काढायची, चार शोधनिबंध छापायचे आणि मग जिनिव्हात नोकरी. भांडण एकाच गोष्टीवरून, डॉक्टरच्या काळजात काय आहे यावरून. काळजातलं कुणालाच दिसत नसल्यामुळे हा वाद कधी संपत नाही, आणि संपावा अशी कुणाची फारशी इच्छाही दिसत नाही.

माझं म्हणणं असं की डॉक्टरची प्रेरणा महत्त्वाची आहेच, पण ती त्याच्या मुलाखतीत शोधू नये. ती त्याच्या औषधांच्या इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीपत्रात सापडते, रजिस्टरमध्ये सापडते, सिस्टरला त्याने कोणते अधिकार दिले यात सापडते, आणि तो परत गेल्यावर मागे काय उरलं यात तर नक्कीच. आफ्रिकेतल्या एचआयव्हीचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. दयेपोटी केलेल्या कामाने रोग्याचं मरण थोडं सुसह्य झालं. मरण थांबलं ते 'एकाच रोगाला दोन भाव का?' हा हिशेब ज्यांच्या घशाखाली उतरेना, त्यांच्यामुळे.

१९९६ साली व्हँकुव्हरच्या एड्स परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे निकाल मांडले गेले. श्रीमंत देशांत अंथरुणाला खिळलेली माणसं काही महिन्यांत उठून कामावर जाऊ लागली. खर्च माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. बाधितांपैकी बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेला, आणि औषध जवळजवळ सगळं उत्तरेला. जुलै २००० मध्ये डर्बनच्या परिषदेत दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश एडविन कॅमरन यांनी भर व्यासपीठावरून सांगितलं की आपण स्वतः बाधित आहोत, आणि औषध विकत घेण्याची ऐपत आहे म्हणून इथे उभे आहोत. त्या एका कबुलीत सगळा प्रश्न आला. कॅमरन यांना जगवलं त्यांच्या पगाराने. कुणाच्या कनवाळूपणाने नव्हे.

त्या काळी शहाणी समजली जाणारी माणसं काय म्हणत होती? २००१ साली अमेरिकेच्या मदतसंस्थेचे, यूएसएडचे, प्रमुख अँड्र्यू नॅट्सिऑस यांनी उघड मत दिलं की आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, ठरावीक तासांनी गोळ्या घेणं त्यांना जमणार नाही. सूर द्वेषाचा नव्हता, काळजीचाच होता. औषध अर्धवट घेतलं तर विषाणू त्याला सरावतो आणि मग तेच औषध कुणालाच लागू पडत नाही, ही भीती खरी होती. पाच वर्षांनी, २००६ मध्ये, तोवरचे अभ्यास एकत्र करून आकडे छापले गेले: गोळ्या नेमाने घेणाऱ्यांचं प्रमाण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के, सहाराच्या दक्षिणेकडे ७७ टक्के. हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. क्षयाचा रोगी सॅनेटोरियममध्येच ठेवला पाहिजे, खोपट्यात राहणारा माणूस घरी बसून वर्षभर गोळ्या कसल्या घेतोय, असं एके काळी आपल्याबद्दलही बोललं जात होतं. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्राने घरी उपचार घेणारे आणि सॅनेटोरियममधले रोगी यांची तुलना करून ती समजूत निकालात काढली, तरीही चाळीस वर्षांनी तीच समजूत दुसऱ्या खंडासाठी पुन्हा वापरात आली.

घड्याळाच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं ते मुंबईच्या कंपनीकडून. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी 'सीमेपार डॉक्टर' (एमएसएफ) या संघटनेला तीन औषधांचा उपचार माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पुढे स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन ही तिन्ही औषधं एकाच गोळीत आली. सकाळी एक, रात्री एक. पाश्चात्त्य देशांत ही गोळी निघू शकत नव्हती, कारण तिन्ही औषधांची मालकी तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती. आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा औषधाला पेटंट देत नव्हता, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला देत होता, म्हणून तिघं एका गोळीत नांदू शकले. आता हमीद यांच्या मनात करुणा किती आणि धंदा किती याचा निवाडा करत बसायचं का? ज्या बाईने ती गोळी गिळली तिच्या लेखी हा प्रश्न शून्य किमतीचा होता. हीच मोजपट्टी डॉक्टरला लावायला आपण का कचरतो?

इथे माझ्याच बाजूला सुरुंग लावणारा एक पुरावा आहे, तोही मांडायला हवा. हिशेब करणारे तेव्हाही होते, आणि त्यांचा हिशेब रोग्यांच्या विरोधात जात होता. २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अर्थशास्त्र्यांनी दाखवलं की आफ्रिकेत एचआयव्ही रोखण्यावर खर्चलेला डॉलर उपचारावर खर्चलेल्या डॉलरपेक्षा किमान २८ पट फळ देतो. तेव्हा आधी प्रतिबंध, उपचार नंतर बघू. बेरीज बरोबर होती. चूक गृहीतात होती. औषधाची किंमत जणू पावसासारखी आभाळातून पडते, तिच्याशी भांडता येत नाही, असं त्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात ती त्याच वेळी कोसळत होती. दुसरं गृहीत असं की उपचार वेगळा आणि प्रतिबंध वेगळा. २०११ मध्ये नऊ देशांत चाललेल्या एका चाचणीने, जिच्यात पुण्यातली जोडपीही होती, हे गृहीतही मोडलं: बाधिताला लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. म्हणजे २८ पट महाग ठरवलेला उपचार हाच सगळ्यात भक्कम प्रतिबंध निघाला. तेव्हा हिशेबी डॉक्टर म्हणताना मला खर्डेघाशी करणारा कारकून अभिप्रेत नाही. आकडा समोर आला की तो आधी कुणी लिहिला आणि कुणाच्या सोयीने लिहिला हे विचारणारा माणूस अभिप्रेत आहे.

वॉर्डात हा फरक कसा दिसतो? क्रिप्टोकोकस नावाच्या बुरशीने होणारा मेंदूज्वर घ्या. सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी शंभरच्या खाली गेलेल्या रोग्याला तो गाठतो. आठवडाभर वाढत जाणारी डोकेदुखी, मग दोन-दोन दिसणं, मग गुंगी. डोक्यातला दाब इतका वाढतो की डोळ्यांची नस दबून माणूस आंधळा होतो. यावर पहिला इलाज कुठल्याही बाटलीत नाही: पाठीच्या कण्यातलं पाणी काढायचं. दाब २५ सेंटिमीटरच्या वर असला तर २० ते ३० मिली काढायचं, आणि गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दाब मोजायची काचेची नळी जिल्हा रुग्णालयात बहुधा नसते. तिथे सलाइनच्या सेटची नळी सुईला जोडून उभी धरतात आणि शिंप्याच्या टेपने पाण्याची उंची मोजतात. दयाळू डॉक्टर हे सगळं मनापासून करेल आणि सोबत फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी देईल, कारण कपाटात तेवढंच आहे. २००० साली फायझरने दक्षिण आफ्रिकेला ती गोळी फुकट द्यायचा करार केला, त्याचं कौतुकही झालं. पण नुसत्या फ्लुकोनॅझोलवर निम्म्याहून जास्त रोगी दहा आठवड्यांत दगावतात.

खरं औषध दुसरंच आहे. फ्लुसायटोसिन हा रेणू १९५७ सालचा. पेटंट कधीच संपलेलं. तरीही आफ्रिकेतल्या बहुतेक देशांत ते वर्षानुवर्षं मिळतच नव्हतं, कारण नोंदणीचा अर्ज करायलाच कुणी पुढे येत नव्हतं. ज्यांना ते लागतं त्यांच्याकडे पैसे नाहीत आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना हा रोग क्वचित होतो. खलनायक नाही, कट नाही, नुसती एक रिकामी फळी. या फळीचा राग यावा लागतो. २०२२ मध्ये बोत्सवाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या डॉक्टरांनी मिळून केलेल्या चाचणीचे निकाल आले: लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, किलोमागे १० मिलिग्रॅम, आणि सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल. दहा आठवड्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण चार रोग्यांमागे जवळपास एकावर आलं. ५० किलोच्या रोग्याला याचा अर्थ ५० मिलिग्रॅमच्या दहा कुप्या, एकदाच. आणि फ्लुसायटोसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या रोज दहा, एकूण १४० गोळ्या, दर सहा तासांनी विभागून. कुपीतलं औषध पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं. घाईत नॉर्मल सलाइन वापरलं तर ते फाटतं आणि दहाच्या दहा कुप्या वाया जातात. मध्यरात्रीचा डोस द्यायला सिस्टर जागी आहे का? ती एकटी साठ खाटा बघत असेल तर शेजारच्या नातेवाइकाला गोळ्या मोजून द्यायला शिकवलंय का? मला समतेची व्याख्या विचाराल तर मी भाषण करणार नाही, रात्री बाराच्या या डोसकडे बोट दाखवेन.

नेमाने औषध घेण्याबद्दलही असंच. गोळ्या सोडणाऱ्यांना 'गाफील' म्हणायची सवय आपल्याकडच्या एआरटी केंद्रांतही, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या सरकारी केंद्रांतही आहे. गोळ्या का सुटतात ते बघितलं तर कारणं फार गद्य असतात. दवाखाना तीस किलोमीटरवर, भाडं परवडत नाही, रांगेत दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते. बाटलीत गोळ्या खुळखुळतात आणि बसमध्ये शेजारची बाई वळून बघते, म्हणून गोळ्या फडक्यात बांधून नेल्या जातात आणि दमट हवेत खराब होतात. मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ मध्ये यावर जो तोडगा निघाला त्यात डॉक्टरांचं कौशल्य एवढंच की ते बाजूला झाले. एकाच वस्तीतले सहापर्यंत रोगी गट करतात. दर महिन्याला त्यांच्यातला एक जण पाळीने दवाखान्यात जातो, स्वतःची तपासणी करून घेतो आणि सगळ्यांच्या गोळ्या घेऊन येतो. वर्षात प्रत्येकाच्या दोनच फेऱ्या. पहिल्या अहवालात ९७ टक्क्यांहून अधिक माणसं उपचारात टिकलेली होती. घड्याळ न कळणारी माणसं ती हीच.

रोगी टिकतात आणि गोदाम दगा देतं, असंही होतं, आणि इथे चांगले चांगले डॉक्टर फसतात. पुढच्या तिमाहीची मागणी गेल्या तिमाहीच्या खपावरून काढायची पद्धत असते. समजा केंद्रात महिन्याला ३०० बाटल्या लागतात आणि गेल्या तिमाहीत एक महिना साठाच नव्हता. कागदावर खप दिसतो ६००. त्यावरून पुढची मागणी गेली ६०० ची, म्हणजे पुढच्या तिमाहीतही एक महिना कोरडा जाणार, आणि वर कुणी विचारलं तर रजिस्टर म्हणणार की खपच तेवढा आहे. उपाय चौथीच्या गणितातला: खपाला एकूण दिवसांनी न भागता साठा असलेल्या दिवसांनी भागायचं. ६० दिवसांत ६०० तर ९० दिवसांत ९००. हा एक भागाकार न करणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांत कितीही पाणी आलं, तरी शंभर-दोनशे रोग्यांच्या रक्तात विषाणू पुन्हा वर येतोच.

मुलांच्या बाबतीत तर दोन भाव अजून उघडे आहेत. आईची प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात असल्यामुळे नेहमीची चाचणी दीड वर्षापर्यंत फसवी ठरते. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन, खास कागदावर वाळवून, विषाणूसाठीची पीसीआर चाचणी करावी लागते. तो कागद राजधानीतल्या प्रयोगशाळेत जातो आणि निकाल परत यायला अनेकदा आठवडे लागतात. उपचाराविना बाधित बाळांपैकी निम्मी दोन वर्षांच्या आत जातात, आणि त्यातली बरीचशी पहिल्या काही महिन्यांतच. म्हणजे निकालाचं पाकीट गावात पोचेपर्यंत बाळ नसतं. क्षयाच्या तपासणीसाठी जिल्ह्यात आधीच बसवलेल्या जीनएक्स्पर्ट यंत्रावर हीच चाचणी त्याच दिवशी होऊ शकते. अडचण बहुधा इतकीच की यंत्र क्षय विभागाचं आणि बाळ एचआयव्ही विभागाचं. औषधाची कथाही तशीच. वर्षानुवर्षं बाळांना जे लोपिनाव्हिरचं पातळ औषध मिळत होतं ते कडू जहर, त्यात ४० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल आणि वाटप होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवण्याची अट. डॉल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीवरचं नवं औषध मोठ्यांसाठी अमेरिकेत २०१३ मध्ये आलं. पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची १० मिलिग्रॅमची गोळी लहानग्यांसाठी वर्षाला ३६ डॉलरमध्ये देण्याचा करार व्हायला २०२० चा डिसेंबर उजाडला. २०२४ मध्ये बाधित प्रौढांपैकी ७८ टक्के उपचारावर होते, मुलांपैकी ५५ टक्के. मुलांची दया कुणाला येत नाही? सगळ्यांनाच येते. मग आकडा असा का?

'पण शेवटी डॉक्टर लागतोच ना?' लागतो, पण वाटतो तितका नाही. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीत परिचारिकांनी चालवलेला उपचार डॉक्टरांनी चालवलेल्या उपचारापेक्षा कमी ठरला नाही. त्याच वर्षी युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की नियमित प्रयोगशाळा तपासण्या केल्या तर पाच वर्षांनी ९० टक्के रोगी जिवंत राहतात, आणि त्या न करता नुसत्या लक्षणांवरून उपचार चालवला तर ८७ टक्के. तीन टक्क्यांची तूट क्षुल्लक नाही; पण प्रयोगशाळा नाही म्हणून औषधच न देणं हे ८७ टक्क्यांना मारणं होतं. मलावीने २०११ मध्ये हाच धडा पुढे नेला. गावात सीडी४ मोजायचं यंत्र नाही, तर मोजायचंच कशाला? प्रत्येक बाधित गरोदर बाईला लगेच आणि आयुष्यभर औषध. आधी तिमाहीला १२५७ गरोदर व बाळाला पाजणाऱ्या बायका उपचार सुरू करत होत्या. सव्वा वर्षात तो आकडा १०६६३ वर गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये 'बाधित प्रत्येकाला औषध' हे धोरण स्वीकारलं, तेव्हा मलावी त्या वाटेवर चार वर्षं पुढे होता. आपल्याला हे नवल वाटू नये. गडचिरोलीतल्या ३९ गावांत बंग दांपत्याने गावच्याच बायकांच्या हाती नवजात बाळांची काळजी सोपवली, जेन्टामायसिनचं इंजेक्शनसुद्धा, तेव्हा 'अर्धशिक्षित बाईच्या हातात सुई?' असाच प्रश्न होता. १९९९ मध्ये आकडे छापले गेले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली.

आता दुसऱ्या तटाचा सगळ्यात दमदार मुद्दा: आधी आपलं घर. तो उडवून लावण्यासारखा नाही. मुंबईच्या कंपनीची गोळी आफ्रिकेत गाजत होती तेव्हा मुंबईतलाच गरीब रोगी ती स्वतःच्या खिशातून घेत होता किंवा घेत नव्हता. सरकारी रुग्णालयांतून मोफत औषध सुरू झालं १ एप्रिल २००४ ला, तेही देशभरातल्या आठ केंद्रांत, ज्यात आपलं जे. जे. रुग्णालय होतं. आजही देशात सुमारे २५ लाख बाधित आहेत आणि त्यात सर्वाधिक महाराष्ट्रात. कुणी सांगलीत राहून काम करायचं ठरवलं तर त्याला माझा नमस्कार. पण हा युक्तिवाद करणारा स्वतः बहुतेक वेळा ना सांगलीला जातो ना मलावीला; दुसऱ्याने जाऊ नये एवढाच त्याचा आग्रह. प्रमाणाचाही प्रश्न आहे: सुमारे सहा कोटींच्या दक्षिण आफ्रिकेत ८० लाखांच्या घरात बाधित आहेत, आणि एस्वातिनीत चार प्रौढांमागे एक. शिवाय ज्ञानाला पासपोर्ट लागत नाही. सांगलीच्या एआरटी केंद्रात आज मिळणारी टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डॉल्युटेग्राव्हिरची एकत्र गोळी गरीब देशांतही भरवशाची आहे, याचा पुरावा जोहान्सबर्ग आणि कॅमेरूनमधल्या रोग्यांनी चाचण्यांत भाग घेऊन दिला. १९३८ साली सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस चीनला निघाले तेव्हा भारतात डॉक्टरांची काय रेलचेल होती? ते तिकडे भाषा शिकले, रुग्णालय चालवलं, चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवली आणि ३२ व्या वर्षी तिथेच वारले. 'इथे काय कमी होतं?' असं आपण त्यांना विचारत नाही. त्यांच्यावर टपाल तिकीट काढतो.

कोटणीसांसमोर अल्बर्ट श्वाइत्झर उभे करून बघा. १९१३ पासून गॅबनच्या लांबारेने इथे त्यांनी हजारोंवर उपचार केले, १९५२ चं शांततेचं नोबेल मिळवलं. त्यागात ते कुणाहून कमी नव्हते. पण त्यांची भूमिका थोरल्या भावाची, आणि तिथल्याच माणसांतून डॉक्टर घडवण्याकडे त्यांचं लक्ष नाही ही टीका त्यांच्या हयातीतच झाली. त्यामुळे 'गोरा तारणहार' म्हणून जी हेटाळणी आज होते, ती मला पुष्कळ अंशी मान्य आहे. परदेशी पैशावर चालणारी संस्था सरकारी रुग्णालयाशेजारी चकचकीत दवाखाना उघडते, जास्त पगार देते, आणि बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सगळ्यात हुशार दोन सिस्टर एचआयव्ही विभागात जातात. रात्री रक्तस्रावाने बाई दगावते ती कुठल्याच एचआयव्ही अहवालात येत नाही. मधुमेही रोग्याला मेटफॉर्मिन मिळत नाही, आणि शेजारच्या खोलीत तीन महिन्यांच्या गोळ्या रचलेल्या असतात. हे वास्तव आहे आणि यात दयाळू डॉक्टरांचा हातभार आहे.

मात्र २०२५ मध्ये 'बघा, परावलंबन!' म्हणून जो विजयी सूर लागला, त्यात एक चलाखी आहे. मदत थांबल्यावर काय कोसळलं आणि काय उभं राहिलं हे बघितलंच जात नाही. दक्षिण आफ्रिका आपली औषधं मुख्यतः स्वतःच्या तिजोरीतून घेते. अमेरिकेचा वाटा तिच्या एचआयव्ही खर्चाच्या सुमारे १७ टक्के होता. त्यामुळे गोळ्या थांबल्या नाहीत. थांबलं ते त्या १७ टक्क्यांतलं: घरोघर जाणारे कार्यकर्ते, निकाल संगणकात भरणारी माणसं, उपचार सोडलेल्यांना फोन करणारे, देहविक्री करणाऱ्या बायकांसाठीचे दवाखाने. औषध सरकारी अंदाजपत्रकात बसलं, कारण झॅकी अखमत हे बाधित कार्यकर्ते आणि त्यांच्या साथीदारांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले, आणि २००२ मध्ये घटना न्यायालयाकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून गरोदर बायकांना नेव्हिरॅपिन देण्याचा आदेश मिळवला. सगळ्यांना मिळेपर्यंत मी औषध घेणार नाही, असा अखमत यांचा पण होता. ज्या डॉक्टरांनी त्यांच्या बाजूने शपथपत्रं लिहून दिली, त्यांचं ते काम तपासणीच्या खोलीबाहेरचं, कंटाळवाणं आणि सरकारला डिवचणारं होतं. मदत आटल्यावर टिकलं ते हेच. कार्यकर्त्यांचे पगार कुणी अंदाजपत्रकात घातले नव्हते, ते पहिल्या आठवड्यात गेले.

आणि आता तोच प्रश्न नव्या कुपीत आलाय. लेनाकापाव्हिर हे इंजेक्शन लागण होऊ नये म्हणून वर्षातून दोनदाच घ्यायचं: पोटाच्या कातडीखाली दीड-दीड मिलीच्या दोन सुया, आणि सुरुवातीला पहिल्या व दुसऱ्या दिवशी दोन-दोन गोळ्या. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. १२० देशांसाठी जेनेरिक बनवायचा परवाना सहा कंपन्यांना मिळाला, त्यात पुण्याची एमक्युअर आहे. आणि हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून वर्षाला ४० डॉलर भाव जाहीर केलाय. ब्राझील त्या १२० देशांत नाही, जरी दुसऱ्या चाचणीसाठी ब्राझीलच्या लोकांनी स्वतःची शरीरं दिली होती. इंजेक्शन २६ आठवड्यांनी द्यायचं, दोन आठवडे इकडे-तिकडे चालतात, त्याहून उशीर नको. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. तोवर मुलगी शाळा बदलते, गाव बदलते, लग्न होऊन जाते. तिला शोधून आठवण करून द्यायचं काम जी कार्यकर्ती करायची, तिचं कंत्राट फेब्रुवारी २०२५ मध्ये संपलं. मलावीला निघालेल्या त्या तरुण डॉक्टरला मी तो का निघालाय हे विचारणार नाही. त्या कार्यकर्तीचा पगार तो कुठल्या खात्यात दाखवणार आहे, एवढं मात्र विचारेन.